व्हिएन्नातली रेघ : उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया, १९४० ते १९४४

३० ऑगस्ट १९४०. व्हिएन्नातल्या बेल्वेडेअर राजवाड्यात हंगेरी आणि रोमानियाचे प्रतिनिधी समोरासमोर बसले होते. निवाडा करणारे मात्र तिसरेच होते : जर्मनीचा परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप आणि इटलीचा चियानो. निवाडा वाचून झाला आणि टेबलावर नकाशा पसरण्यात आला. रोमानियाचे परराष्ट्रमंत्री मिहाइल मनोइलेस्कू यांनी त्यावरची नवी सरहद्द पाहिली आणि ते जागीच बेशुद्ध होऊन पडले.

नकाशावरची ती रेघ पश्चिमेकडून निघून क्लुज शहराच्या अगदी दक्षिणेला येत होती. तिथून ती वळणं घेत पूर्वेला कार्पेथियन डोंगरांपर्यंत पोचली होती. रेघेच्या उत्तरेचा सुमारे ४३ हजार चौरस किलोमीटर मुलूख, म्हणजेच उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया, आणि त्यातली पंचवीस लाखांच्या आसपास माणसं हंगेरीला मिळाली. दक्षिणेचा भाग रोमानियाकडे राहिला. ही सरहद्द जेमतेम चार वर्षं टिकली. पण हंगेरियन आणि रोमानियन लोकांचा शंभर वर्षांचा सीमातंटा एका प्रकरणात पाहायचा असेल तर तो इथे पाहावा. अन्याय दूर करण्यासाठी आखलेली रेघ माणसांचं काय करते, ते या चार वर्षांत उघड्यावर घडलं.

आधी नावांविषयी. या मुलखातल्या प्रत्येक गावाला दोन नावं आहेत, कित्येकांना जर्मन धरून तीन. क्लुज म्हणजे हंगेरियनांचं कोलोझ्वार, ओरादेआ म्हणजे नाजवाराद, तर्गू मुरेश म्हणजे मारोशवाशारहेय. कोणतं नाव आधी घेतलं यावरून तुम्ही कोणत्या बाजूचे ते ठरवलं जातं. मी आजची अधिकृत रोमानियन नावं वापरतो आहे, ती केवळ वाचकाला नकाशावर गाव सापडावं म्हणून.

जमीन कुणाची, वस्ती कुणाची

ट्रान्सिल्व्हेनिया म्हणजे कार्पेथियन डोंगरांच्या कुशीतलं पठार. तिथे पहिले कोण आले, हा दोन्ही समाजांचा लाडका वाद. रोमन सम्राट ट्राजनने इसवी सन १०६ मध्ये डेशिया जिंकलं. त्या डेशियन आणि रोमन लोकांचे आपण वंशज आहोत आणि इथून कधी हललोच नाही, असं रोमानियन मुलं शाळेत शिकतात. हंगेरियन मुलं शिकतात ते असं : नवव्या शतकाच्या अखेरीस आपले पूर्वज आले तेव्हा मुलूख जवळपास मोकळा होता, रोमानियन मेंढपाळ नंतर डोंगर उतरून आले. आज एखादं गाव कोणाच्या राज्यात असावं हे ठरवायला या वादाचा काडीचाही उपयोग नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पण भावनेला खतपाणी तिथूनच मिळत आलं आहे, म्हणून तो टाळूनही चालत नाही.

त्याहून जवळची आणि खरी गोष्ट हक्कांची आहे. १४३७ साली हंगेरियन सरदार, हंगेरियन बोलणारे सेकेय आणि जर्मन सॅक्सन यांनी आपसांत करार केला. पुढची कित्येक शतकं ट्रान्सिल्व्हेनियात हीच तीन मान्यताप्राप्त ‘राष्ट्रं’ होती. रोमानियन संख्येने वाढत गेले, पण राज्यकारभाराच्या पंगतीत त्यांना पाट मिळाला नाही. १७९१ मध्ये त्यांनी सम्राटाकडे समान हक्कांचा अर्ज केला आणि तो फेटाळला गेला. १८६७ नंतर ट्रान्सिल्व्हेनिया थेट हंगेरीत विलीन झालं आणि शाळाशाळांतून हंगेरियन भाषेची सक्ती वाढत गेली. १९१८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य कोसळलं. १ डिसेंबरला आल्बा यूलियात जमलेल्या रोमानियनांनी रोमानियाशी एकीकरणाचा ठराव केला, त्यामागे शतकांचा हा अपमान होता.

४ जून १९२० च्या ट्रियानॉन तहाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. हंगेरीचा जवळजवळ दोन तृतीयांश मुलूख गेला. त्यातला एक लाख चौरस किलोमीटरहून अधिक एकट्या रोमानियाला मिळाला. १९१० च्या शिरगणतीप्रमाणे या भागात रोमानियन निम्म्याहून थोडे जास्त होते, हंगेरियन तिसरा हिस्सा आणि बाकी बहुतेक जर्मन. सोळा लाखांहून अधिक हंगेरियन माणसं घर न सोडता परदेशात जाऊन पडली. काल ज्यांची भाषा कचेरीची होती, त्यांना आता कचेरीत दुभाष्या लागू लागला. जमीनसुधारणेत मोठ्या जमीनदारांच्या जमिनी गेल्या. ते जमीनदार मुख्यतः हंगेरियन आणि लाभार्थी मुख्यतः रोमानियन शेतकरी, त्यामुळे एकाला जो न्याय वाटला तीच दुसऱ्याला लूट वाटली.

आता या प्रकरणातली खरी अडचण. सीमातंटे सोडवताना आपल्याकडे ज्या कसोट्या लावल्या जातात त्याच इथे लावून पाहा : गाव हा घटक, भाषिक बहुमत, भौगोलिक सलगता. इथे या तिन्ही एकमेकींना छेद देतात. हंगेरियनांची सर्वांत दाट, सलग वस्ती म्हणजे सेकेय लोकांचा प्रदेश. तो हंगेरीला लागून नाही, ट्रान्सिल्व्हेनियाच्या पूर्व टोकाला, जुन्या रोमानियाच्या डोंगरालगत आहे. मधल्या शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात खेडी बहुतांशी रोमानियन आणि शहरं बहुतांशी हंगेरियन. १९१० मध्ये क्लुजमध्ये पाचांतले चार जण हंगेरियन बोलणारे होते, आणि शहराची वेस ओलांडली की रोमानियन गावं सुरू होत. शहर मोजायचं की शिवार? भाषा धरली तर सलगता सुटते आणि सलगता धरली तर दहा लाख परभाषक पदरात येतात. या जमिनीवर स्वच्छ रेघ ओढणं माणसाच्या हातातलं नव्हतं. दोन्हीकडच्या जाणत्या माणसांना हे ठाऊक होतं आणि तरी प्रत्येकाने आपापला नकाशा काढला.

भूगोलाचा प्राध्यापक

बेल्वेडेअरमध्ये हंगेरीच्या बाजूने पंतप्रधान पाल तेलेकी आले होते. पेशाने ते भूगोलतज्ज्ञ, घराणं ट्रान्सिल्व्हेनियातल्या जुन्या सरदारांचं. पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी त्यांनी हंगेरीचा वांशिक नकाशा तयार केला होता. तो ‘लाल नकाशा’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात हंगेरियनांना भडक लाल रंग होता. रंगाचं क्षेत्र लोकसंख्येच्या प्रमाणात होतं आणि विरळ वस्तीचे डोंगर कोरे, पांढरे सोडले होते. शास्त्र म्हणून ही पद्धत चुकीची नव्हती. पण डोंगराळ भागात विखरून राहणारे रोमानियन नकाशावर आक्रसले आणि शहरांतले हंगेरियन डोळ्यांत भरले. समोरच्या बाजूने फ्रेंच भूगोलतज्ज्ञ एमान्युएल द मार्तोन यांनीही नकाशा काढला होता. त्यात खेड्यांचं वजन जास्त होतं आणि रोमानियन ठसठशीत दिसत होते. दोन्ही नकाशे शिरगणतीच्याच आकड्यांवर उभे होते. पॅरिसमध्ये द मार्तोनचा नकाशा कामी आला.

तेलेकींना मी खलनायक मानत नाही. सीमेचं काम काय असतं हे त्यांना पुस्तकाबाहेरही माहीत होतं. १९२५ मध्ये मोसुल तुर्कस्तानचं की इराकचं, हे तपासणाऱ्या राष्ट्रसंघाच्या आयोगावर ते होते. पण ट्रियानॉनची जखम हंगेरीत इतकी खोल होती की ‘नाही, नाही, कधीच नाही’ ही शाळकरी मुलांच्याही तोंडची घोषणा होती. १९३८ मध्ये याच बेल्वेडेअर राजवाड्यात जर्मनी आणि इटलीने चेकोस्लोव्हाकियाचा एक पट्टा हंगेरीला मिळवून दिला होता. तेलेकींना हिटलरवर विश्वास नव्हता, पण मुलूख देणारा हात तेवढा एकच होता. तोच हात त्यांनी धरला.

बोटीवरची बोलणी

१९४० चा उन्हाळा रोमानियासाठी काळ होऊन आला. फ्रान्स पडल्याने पाठीराखा उरला नव्हता. २६ जूनला सोव्हिएत संघाने निर्वाणीचा खलिता पाठवला आणि बेसारेबिया व उत्तर बुकोविना हे रोमानियाचे प्रांत घेतले. बल्गेरियाने दक्षिण दोब्रुजा मागितलं. हंगेरीने सरहद्दीवर फौज गोळा केली.

१६ ऑगस्टला डॅन्यूबकाठच्या तुर्नू सेवेरिन गावी दोन्ही शिष्टमंडळं भेटली. हंगेरियन मंडळी बोटीने आली होती. त्यांच्याकडून आंद्राश होरी आणि रोमानियाकडून वालेर पोप बोलत होते. हंगेरीने ६९ हजार चौरस किलोमीटर मागितले, म्हणजे १९२० मध्ये रोमानियाला मिळालेल्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग. रोमानियाची भूमिका अशी की आधी लोकसंख्येची अदलाबदल करू, मग गरजेपुरती जमीन देऊ. एक बाजू जमीन मोजत होती, दुसरी माणसं हलवण्याच्या गोष्टी करत होती. आहे तिथे दोन्ही लोकांना हक्काने नांदता येईल अशी व्यवस्था हा बोलण्यांचा गाभा कधी झालाच नाही. आठवडाभरात बोलणी फिसकटली.

दोन देशांना आपसांत बोलून काही ठरवण्याची ती शेवटची संधी होती. ती वाया गेली आणि निकाल तिसऱ्याच्या हाती गेला. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त हळहळ या आठवड्याची वाटते.

हिटलरला ट्रान्सिल्व्हेनियाशी देणंघेणं नव्हतं. त्याला रोमानियातल्या प्लोएश्तीचं तेल हवं होतं. हे दोघं लढले तर रशियन सैन्य आत घुसेल आणि तेलविहिरी हातच्या जातील, ही त्याची धास्ती. म्हणून दोघांनाही अर्धवट देऊन, दोघांनाही आशेवर आणि धाकात ठेवणारी सरहद्द त्याने ठरवली. बुखारेस्टमध्ये राजमंडळाची बैठक रात्रभर चालली आणि न पाहिलेला निवाडा आधीच मान्य करणं भाग पडलं. बदल्यात उरलेल्या रोमानियाच्या सीमांची हमी जर्मनीने दिली.

मनोइलेस्कूंनी पाहिलेली सरहद्द वेडीवाकडी होती. क्लुजच्या पूर्वेला दक्षिणेचा मुलूख पोटासारखा उत्तरेत घुसला होता. सर्माशूचे नैसर्गिक वायूचे साठे त्यामुळे रोमानियाकडे राहिले. हंगेरियन लोक त्या फुगवट्याला, हिटलरच्या लठ्ठ सहकाऱ्यावरून, ‘गोरिंगचं पोट’ म्हणत. जर्मनीच्या हितासाठी तो तसा ठेवला, अशी सर्वत्र समजूत होती. क्लुज हंगेरीत गेलं, पण शहरालगतची फेल्याकची टेकडी रोमानियात राहिली. तीस किलोमीटरवरचं तुर्दा परदेश झालं.

हिशेब मांडला तर कोणाचंही पूर्ण समाधान नव्हतं. १९३० च्या रोमानियन शिरगणतीप्रमाणे हंगेरीला मिळालेल्या भागात निम्मे रोमानियन होते आणि हंगेरियन चाळीस टक्क्यांच्याही आत. हंगेरीने १९४१ मध्ये स्वतः मोजणी केली तेव्हा हंगेरियन निम्म्याहून जास्त निघाले. मधल्या काळात माणसं पळाली होती, नवी आली होती, आणि अनेकांनी, विशेषतः दोन भाषा बोलणाऱ्यांनी, विचारणारा कोण आहे ते पाहून उत्तर बदललं होतं. साधारण दहा लाख रोमानियन उत्तरेत आणि चार लाखांवर हंगेरियन दक्षिणेत राहिले.

सप्टेंबरचे दोन आठवडे

५ सप्टेंबरला हंगेरियन सैन्य आत शिरलं. शहरांत फुलं उधळली गेली, म्हाताऱ्या बायका रडल्या, वीस वर्षं पेटीत घडी करून ठेवलेले झेंडे बाहेर आले. १५ सप्टेंबरला हंगेरीचे राज्यप्रमुख होर्टी यांनी क्लुजच्या चौकात सलामी घेतली. तो आनंद खरा होता आणि त्याला कमी लेखण्याचा हक्क कोणाला नाही.

त्याच दिवसांत शहरांपासून लांब दुसरंच काही घडत होतं. ९ सप्टेंबरला त्रेझ्निया गावात हंगेरियन सैनिकांनी ऐंशीहून अधिक गावकरी मारले. इप गावाजवळ दारूगोळ्याच्या स्फोटात दोन हंगेरियन सैनिक दगावले होते. त्याचा आळ रोमानियनांवर आला आणि १४ सप्टेंबरच्या पहाटेपर्यंत घराघरांत शिरून दीडशेहून अधिक माणसं ठार केली गेली. त्यांत बायका होत्या, लहान मुलं होती. रोमानियन सैन्य आधीच निघून गेलेलं होतं, गावाने लढाई केली नव्हती. रोमानियात आजही या दोन गावांची नावं घेताना आवाज बदलतो, आणि तो बदलणं योग्यच आहे.

तिकडे बुखारेस्टमध्ये राजा कारोलला ६ सप्टेंबरला गादी सोडावी लागली. सत्ता जनरल इऑन आन्तोनेस्कूच्या हाती गेली आणि त्याच्याबरोबर लोखंडी दल या फॅसिस्ट संघटनेचे हिरवे सदरेही सरकारात आले. एका उन्हाळ्यात देशाचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेल्यावर लोक शांत डोक्याने विचार करतील ही अपेक्षाच व्यर्थ होती.

ओलीस

पुढच्या चार वर्षांत जे झालं त्याला दोन्ही सरकारांनी साळसूद नाव दिलं होतं : परस्परता. तुम्ही आमच्या माणसांना जसं वागवाल तसं आम्ही तुमच्या माणसांना वागवू. ऐकायला न्याय्य वाटतं. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की उत्तरेत एका रोमानियन शिक्षकाला नोकरीवरून काढलं की दक्षिणेत एका हंगेरियन शिक्षकाचं घर सुटायचं. एका बाजूने पुजाऱ्याला हाकललं की दुसऱ्या बाजूने धान्य जप्त व्हायचं. ज्याला शिक्षा होते त्याने गुन्हा केलेला नाही, आणि ज्याने गुन्हा केला त्याला शिक्षेची झळ नाही. अल्पसंख्य माणूस नागरिक राहिला नाही, तो शेजारच्या सरकारकडून वसुलीसाठी ठेवलेला ओलीस झाला. जर्मन-इटालियन अधिकाऱ्यांचे आयोग तक्रारी तपासायला फिरत. दोन्ही बाजू त्यांच्यापुढे दुःखांच्या याद्या ठेवत, आणि त्या याद्या बहुतांशी खऱ्याच असत. चार वर्षांत दोन लाखांच्या आसपास रोमानियन दक्षिणेला आणि लाखाहून अधिक हंगेरियन उत्तरेला निघून गेले.

क्लुजचं रोमानियन विद्यापीठ सामानसुमान बांधून सिबिऊ आणि तिमिश्वारात गेलं. त्याच इमारतींत सेगेडहून हंगेरियन विद्यापीठ परत आलं. ते मुळात १८७२ मध्ये इथेच सुरू झालं होतं आणि पहिल्या महायुद्धानंतर इथून घालवलं गेलं होतं. चौकात मात्याश राजाचा पुतळा आहे. हंगेरीचा हा सर्वांत लाडका राजा क्लुजमध्येच जन्मला आणि त्याच्या बापाचं घराणं मूळचं रोमानियन. १९३२ मध्ये इतिहासकार निकोलाए योर्गा यांच्या शब्दांत तिथे पाटी लागली की हा राजा आपल्याच राष्ट्राकडून, मोल्दाव्हिया या रोमानियन राज्यात, हरला. १९४० मध्ये ती काढली गेली आणि १९९२ मध्ये परत बसवली गेली. दोन्ही समाजांना ज्याच्यावर एकत्र हक्क सांगता आला असता, अशा माणसाचाही असा बांध कोरला गेला.

आणि दोघंही हिटलरचे मित्र! दोघांनी रशियाच्या आघाडीवर आपली पोरं पाठवली, त्यामागे एक मोठं कारण हेच होतं. जर्मनी जिंकली की जास्त रक्त सांडणाऱ्याला ट्रान्सिल्व्हेनिया मिळेल, असा दोघांचा हिशेब होता. रशियातल्या डॉन नदीच्या आघाडीवर हंगेरियन आणि रोमानियन फौजांच्या मध्ये इटालियन सैन्य उभं केलेलं होतं, कारण ते शेजारी शेजारी आले तर एकमेकांवरच तुटून पडतील अशी भीती होती. एकाच पक्षाकडून लढताना मध्ये कुंपण लागावं, इतकी ती मैत्री होती. त्या गोठलेल्या पठारावर दोन्हीकडची हजारो शेतकरी मुलं मेली. ज्या जमिनीसाठी गेली ती जमीन त्यांच्यापासून हजाराहून अधिक किलोमीटर मागे राहिली होती.

तेलेकींना हे पाहावं लागलं नाही. मित्रत्वाचा करार मोडून युगोस्लाव्हियावर चाल करण्यात हंगेरी सामील होते आहे हे दिसल्यावर ३ एप्रिल १९४१ रोजी त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. आपण बदमाशांच्या बाजूला गेलो, असं त्यांनी होर्टींना चिठ्ठीत लिहून ठेवलं होतं.

दोन बिशप

या काळातल्या दोन माणसांविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

आरोन मार्तोन हे हंगेरियन कॅथलिक बिशप, जन्म सेकेय खेड्यातला. त्यांची गादी आल्बा यूलियात. निवाड्यानंतर आल्बा यूलिया रोमानियात राहिलं आणि त्यांचे बहुसंख्य भाविक हंगेरीत गेले. ते सहज उत्तरेत येऊ शकले असते. पण दक्षिणेत अडकलेल्या हंगेरियनांना वाऱ्यावर सोडायचं नाही म्हणून ते तिथेच राहिले. यूलिऊ होस्सू हे रोमानियन ग्रीक-कॅथलिक बिशप, त्यांची गादी क्लुजची. त्यांनीही नेमकं तेच केलं. हंगेरियन राजवटीत आपल्या रोमानियन माणसांबरोबर ते क्लुजमध्ये राहिले.

१८ मे १९४४ रोजी मार्तोन परवानगी काढून क्लुजच्या सेंट मायकेल चर्चमध्ये आले आणि यहुद्यांच्या छळाविरुद्ध प्रवचन दिलं. त्यांना पुन्हा उत्तरेत येण्याची बंदी झाली. होस्सूंनीही त्या वसंतात यहुद्यांना मदत करण्याचं आवाहन केलं. पुढे कम्युनिस्ट राजवटीने दोघांनाही कैदेत टाकलं. ज्यांच्या वतीने दोन सरकारं भांडत होती त्या माणसांची काळजी प्रत्यक्षात कोणी घेतली, ते या दोघांकडे पाहिलं की कळतं.

तिसरा समाज

उत्तर ट्रान्सिल्व्हेनियात दीड लाखाच्या आसपास यहुदी राहत. शहरांतले बहुतेक हंगेरियन बोलत, हंगेरियन कविता पाठ म्हणत, स्वतःला हंगेरियन समजत. १९४० मध्ये हंगेरियन सैन्य आलं तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांनी आनंदाने स्वागत केलं. ‘जुने दिवस परत आले’ असं त्यांना वाटलं. जे आलं ते मात्र ज्यूविरोधी कायदे आणि सक्तीची श्रमसेवा घेऊन आलं.

१९ मार्च १९४४ रोजी जर्मनीने हंगेरीचा ताबा घेतला. ३ मेपासून उत्तर ट्रान्सिल्व्हेनियातल्या यहुद्यांना घेट्टोंमध्ये कोंडायला सुरुवात झाली. क्लुजमध्ये त्यांना विटांच्या कारखान्यात, छप्पर असलेल्या पण भिंती नसलेल्या विटा वाळवण्याच्या जागेत ठेवलं होतं. हे काम हंगेरियन पोलीस आणि नोकरशाहीने केलं. काही आठवड्यांतच सव्वा लाखाहून अधिक माणसं आगगाड्यांतून आउश्विट्झला पाठवली गेली. त्यांतली फार थोडी परतली. सिगेतचा पंधरा वर्षांचा मुलगा एली विझेल हा त्या थोड्यांतला एक. पुढे १९८६ मध्ये त्याला शांततेचं नोबेल मिळालं.

आणि रेघेच्या दक्षिणेला? तिथे सुमारे चाळीस हजार यहुदी होते. त्यांना लुबाडलं गेलं, श्रमाला जुंपलं गेलं, पण मृत्यूछावण्यांत पाठवलं गेलं नाही. यावरून रोमानियन राजवट दयाळू होती असं कोणी समजू नये. याच आन्तोनेस्कूच्या राजवटीने बेसारेबिया, बुकोविना आणि नीस्टर नदीपलीकडे किमान दोन लाख ऐंशी हजार यहुदी मारले, असं २००४ मध्ये विझेल यांच्याच अध्यक्षतेखालच्या आयोगाने नोंदवलं. पण १९४४ च्या त्या मे महिन्यात क्लुज आणि तुर्दा यांच्यामधले तीस किलोमीटर म्हणजे मरण आणि जगणं यांच्यातलं अंतर होतं. रात्री जंगलातून, वाटाड्याला पैसे देऊन, काही जण ती सरहद्द ओलांडून तुर्द्यात पोचले आणि वाचले. ज्या रेघेची आखणी करताना कोणीच यहुद्यांचा विचार केला नव्हता, तिने सर्वांत जास्त बळी त्यांचे घेतले. सप्टेंबरमध्ये हंगेरियन सैन्य थोड्या दिवसांसाठी दक्षिणेत घुसलं तेव्हा वायूच्या विहिरींच्या त्या सर्माशूत १२६ यहुद्यांना मारण्यात आलं. चार वर्षं रेघेने वाचवलेल्यांना रेघ सरकताच गाठलं.

रेघ पुसली, प्रश्न राहिला

२३ ऑगस्ट १९४४ रोजी रोमानियाने बाजू बदलली. १२ सप्टेंबरच्या युद्धबंदी करारात दोस्तांनी व्हिएन्नाचा निवाडा रद्द ठरवला, पण ट्रान्सिल्व्हेनिया ‘किंवा त्याचा बराचसा भाग’ रोमानियाला मिळावा अशी फट ठेवली. लाल सैन्याबरोबर रोमानियन सैन्य उत्तरेत आलं, आणि त्यामागून सूड उगवायला निघालेल्या टोळ्या आल्या. २६ सप्टेंबरला आइता सेआका गावात हंगेरियन गावकरी मारले गेले. चार वर्षांपूर्वी त्रेझ्निया आणि इपमध्ये झालं तेच, फक्त आता मरणाऱ्यांची भाषा वेगळी होती. नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत अधिकाऱ्यांनी रोमानियन प्रशासनालाच बाहेर काढलं. मार्च १९४५ मध्ये बुखारेस्टला पेत्रू ग्रोझाचं सोयीचं सरकार बसल्यावरच स्टालिनने मुलूख परत दिला. म्हणजे पुन्हा तिसऱ्यानेच भाव ठरवला. शांतता परिषदेत हंगेरीने आधी २२ हजार, मग निदान ४ हजार चौरस किलोमीटर मागून पाहिले. १० फेब्रुवारी १९४७ च्या पॅरिस तहाने जुनी सीमाच कायम केली.

त्यानंतरचं थोडक्यात. १९५२ मध्ये सेकेय भागात हंगेरियन स्वायत्त प्रांत झाला, १९६८ मध्ये तो मोडला. युद्धानंतर क्लुजमध्ये रोमानियन आणि हंगेरियन अशी दोन विद्यापीठं होती, १९५९ मध्ये ती सक्तीने एक केली गेली. १९७४ मध्ये क्लुजला रोमन ‘नापोका’ जोडून त्याचं नाव लांब केलं. मार्च १९९० मध्ये तर्गू मुरेशच्या रस्त्यांवर दोन्ही समाज काठ्याकुऱ्हाडींनी भिडले, माणसं मेली, आणि हंगेरियन लेखक आंद्राश शुतो यांचा एक डोळा गेला. युगोस्लाव्हियाच्या वाटेने हे जाणार, असं अनेकांना वाटत होतं. ते गेलं नाही. १६ सप्टेंबर १९९६ रोजी तिमिश्वारात दोन्ही पंतप्रधानांनी करारावर सह्या केल्या. त्यात हंगेरीने सीमा मान्य केली आणि रोमानियाने अल्पसंख्यांचे हक्क. तुर्नू सेवेरिनला जे बोलायला हवं होतं ते छप्पन्न वर्षांनी लिहिलं गेलं. त्याच वर्षी हंगेरियनांचा पक्ष बुखारेस्टच्या सरकारात सामील झाला. १ जानेवारी २०२५ पासून दोन देशांमधल्या रस्त्यांवरची पासपोर्टची तपासणीही थांबली. कुरबुरी आहेतच : झेंड्यांवरून, शाळांवरून, हंगेरीने पलीकडच्या हंगेरियनांना दिलेल्या नागरिकत्वावरून. रोमानियात हंगेरियन आता सुमारे दहा लाख उरले आहेत.

१९४० च्या त्या सरहद्दीची एक खूण मात्र अजून वापरात आहे. निवाड्याने सेकेय प्रदेश हंगेरीला दिला खरा, पण तिथला क्लुजकडे जाणारा लोहमार्ग रोमानियात राहिलेल्या भागातून जात होता. मिळालेल्या मुलखात रेल्वेने पोचताच येईना. म्हणून हंगेरीने डोंगर फोडून, पूल बांधून सारात्सेल ते देदा असा जवळपास पन्नास किलोमीटरचा नवा मार्ग टाकला आणि डिसेंबर १९४२ मध्ये तो सुरू केला. दोन वर्षांनी तो रोमानियाकडे गेला. ब्राशोव्हहून बाया मारेला जाणारी गाडी आजही त्यावरूनच धावते. सेकेय भागातल्या मिएर्कुरिया चुकला चढणारे हंगेरियन बोलत चढतात, देदाच्या पुढे रोमानियन बोलणारे चढतात, आणि सारात्सेलपर्यंतचे रूळ कोणी कशासाठी घातले होते याचा कुठे फलक नाही.